खासगी आणि दौलत

नर्मदाकाठच्या महेश्वर येथील होळकरांच्या वाड्यात अहिल्याबाईंची गादी जपून ठेवलेली आहे. पालखी आणि शस्त्रेही तेथे मांडलेली आहेत. त्या बैठकीचा साधेपणा पाहून प्रेक्षक भारावून जातो. परंतु केवळ साधेपणाचे कौतुक करून थांबणे म्हणजे या राज्यकर्तीच्या अर्थकारणाकडे पाठ फिरविणे होय.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. कारभार हाती घेतल्यावर त्यांनी फौज तुकोजी होळकरांकडे सोपविली. महसूल व न्याय यांवर मात्र स्वतःची देखरेख ठेवली. महेश्वरला राजधानी करून तेथे विणकरांना आश्रय दिला. १७९५ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

होळकरांच्या उत्पन्नाचे दौलत आणि खासगी असे दोन भाग होते. राज्याचा व फौजेचा खर्च दौलतीतून होई. खासगी ही मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ साली पेशव्यांनी लावून दिलेली स्वतंत्र जहागीर. ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ येथील मंदिरे, ठिकठिकाणचे घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांवरील खर्च त्यांनी मुख्यत्वे या खासगीतून केला. खासगीचा पैसाही अखेर रयतेच्याच शेतातून येत होता, हे खरे. तथापि राज्याची तिजोरी आणि स्वतःची तिजोरी यांतील सीमारेषा त्यांनी पाळली, आणि जे आपले होते तेच लोकांच्या उपयोगी लावले. सत्ताधाऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट घडताना आपण अनेकदा पाहतो.

या खासगीच्या मालमत्तांसाठी १९६२ साली विश्वस्त संस्था स्थापन झाली. काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास सार्वजनिक ठरवून त्याला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू केला. अहिल्याबाईंनी आपल्या वर्तनाने जे मान्य केले होते, ते कायद्याने वदवून घ्यावे लागले.

म्हणूनच अशा संग्रहालयांत गादी, पालखी आणि तलवारी यांच्याजवळ जमाखर्चाच्या कागदांनाही जागा मिळाली पाहिजे. राज्यकर्ता कशावर बसला हे विद्यार्थ्यांना दाखवावेच. पण त्याने पैसा कोठून घेतला आणि कोठे खर्च केला, हे आधी दाखवावे.