हमालाच्या वेषातला पाद्री : संत जोसेफ वाझ

गोव्यात ज्यांना जुझे वाझ म्हणतात, ते संत जोसेफ वाझ मूळचे सांकवाळचे. जन्म मात्र आजोळी, बाणावलीला, २१ एप्रिल १६५१ रोजी. घराणे धर्मांतरित ब्राह्मणांचे, घरी सुखवस्तू परिस्थिती. पोर्तुगीज, लॅटिन शिकून १६७६ मध्ये ते पाद्री झाले. पण त्या काळी एतद्देशीय पाद्र्याला युरोपियनांच्या धर्मसंघांत प्रवेश नव्हता. विद्वत्ता कितीही असो, कातडीचा रंग आड येई.

पुढे तोच रंग त्यांच्या कामी आला.

कर्नाटकच्या किनाऱ्यावर मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागांत त्यांनी सेवा केली. सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, हकीकत त्यांच्या कानी आली. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकले. डच प्रॉटेस्टंट, शिवाय कॅथलिक पाद्री म्हणजे पोर्तुगीजांचा हेर अशी त्यांची समजूत. त्यांनी पाद्र्यांना हद्दपार केले, त्यांना आसरा देणाऱ्यांनाही कडक शिक्षा ठरवली. जवळजवळ तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांना बाप्तिस्मा द्यायला कोणी नव्हते.

गोऱ्या पाद्र्याला तिथे लपणे अशक्यच होते. गोंयकार माणूस मात्र अंगावर चिंध्या घालून गर्दीत मिसळू शकत होता. जुझे वाझ १६८६ मध्ये एका सेवक मुलाला घेऊन निघाले. तुतिकोरीनहून गलबताने १६८७ मध्ये जाफन्याला पोहोचले, ते हमालाच्या वेषात आणि हगवणीने अर्धमेले होऊन. बरे झाल्यावर दारोदार भीक मागू लागले. गळ्यात जपमाळ असे. ती पाहून कोणाचा चेहरा बदलतो, यावरून घर आपल्यातले की नाही हे ते ताडत. दिवसा भिकारी, रात्री पाद्री. सिल्लालै गावाने त्यांना लपवले. १६८९ च्या नाताळच्या रात्री सैनिकांनी छापा घातला. ते निसटले, पण भाविक पकडले गेले. किंमत इतरांनी मोजली. असल्या चरित्रांत ही माणसे सहसा बिननावाची राहतात.

ही कथा गोव्यात सांगताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. जुझे वाझ सिलोनमध्ये लपत होते, तेव्हा गोव्यात चर्चच सत्तेवर होते आणि १५६० पासूनचे इन्क्विझिशन चालूच होते. त्यांच्या सांकवाळचा लक्ष्मी नृसिंह तर सोळाव्या शतकातच पोर्तुगीज हद्दीबाहेर वेलिंगला न्यावा लागला होता. छळ करणारे आणि सोसणारे जागा बदलत राहतात. या माणसाच्या हाती मात्र कधी शस्त्रही नव्हते आणि हुकूमही नव्हता.

१६९२ मध्ये ते डचांच्या ताब्याबाहेरच्या कँडी राज्यात गेले. तिथेही एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थाने हेर म्हणून राजाचे कान भरले आणि त्यांना कैद झाली. कैदेत ते सिंहली शिकले, गवताने शाकारलेली खोपटी उभारून प्रार्थना करू लागले. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य हळूहळू निवळला. अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला म्हणून, अशी कथा सांगतात. मला त्याहून १६९७ ची देवीची साथ महत्त्वाची वाटते. घरची माणसे रोग्याला रानात टाकून पळत होती. जुझे वाझ आणि गोव्याहून आलेला त्यांचा भाचा, पाद्री जुझे कार्व्हालो, रोग्यांना अन्न देत, धुऊनपुसून काढत, मेलेल्यांना पुरत. रोगी कुठल्या धर्माचा, हे त्यांनी विचारले नाही. मग राजाचा संशय राहिला नाही.

कँडीच्या आसऱ्याने ते डच मुलखात वेष पालटून जात, अगदी कोलंबोतही. गोव्याच्या ऑरेटरी या एतद्देशीय पाद्र्यांच्या संघातून मदतनीस येत राहिले. त्यांत १७०५ मध्ये आलेले दिवाडीचे जाकोम गोन्साल्व्हिस पुढे सिंहली आणि तमिळ ग्रंथकार म्हणून नावाजले.

१६ जानेवारी १७११ रोजी जुझे वाझ कँडीत वारले. घर सोडल्यापासून पंचवीस वर्षांत ते गोव्याला परतले नव्हते. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या समुद्रकाठच्या मैदानावर त्यांना संत घोषित केले; ज्या शहरात ते लपून शिरत, त्याच शहरात.