माणसे मोजणाऱ्या इरावतीबाई

रत्नागिरीच्या दक्षिणेला मुचकुंदी नदी सागराला मिळते. तिच्या मुखावर पूर्णगडचा छोटेखानी किल्ला उभा आहे. या किनारपट्टीवर भंडारी, खारवी, दालदी, कुणबी, चित्पावन असे अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या एकाच हवापाण्यात नांदत आले. तरीही त्यांच्या वर्णात, डोळ्यांच्या रंगात, चेहऱ्याच्या ठेवणीत फरक दिसतो. हा फरक रक्तातून किती येतो, परिस्थितीतून किती, आणि त्यावरून माणसाची योग्यता ठरते काय, या प्रश्नांना ज्यांनी आयुष्य वाहिले त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता होते. इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी तिला पुण्याच्या हुजूरपागेत धाडण्यात आले. रँग्लर परांजपे यांच्या घरी ती वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन तिने मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. १९२८ मधील तिच्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. कोकण किनाऱ्याशी तिचा अभ्यासाचा संबंध जुळला तो येथे. सासरही कोकणातलेच, दापोली तालुक्यातील मुरूडच्या कर्व्यांचे. स्त्रीशिक्षणासाठी झिजलेले महर्षी धोंडो केशव कर्वे हे तिचे सासरे.

त्याच वर्षी उच्चशिक्षणासाठी जर्मनीला जाण्याचे ठरले, तेव्हा मात्र खुद्द महर्षींचा विरोध होता. पती दिनकर यांचा पाठिंबा असल्याने इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. तेथील मानववंश व आनुवंशिकता संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. युरोपीय माणूस अधिक तर्कनिष्ठ असतो आणि त्याची खूण कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेत सापडते, असे फिशर यांचे गृहीतक होते. ते सिद्ध करण्याचे काम एका हिंदी विद्यार्थिनीकडे आले.

बाईंनी १४९ कवट्या तपासल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशाच जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. असमानता सर्वांत आढळली. मात्र तिचा वंशाशी काही संबंध दिसेना. गुरूंना रुचेल असा निष्कर्ष काढणे सोपे होते. परक्या देशात पदवी त्यांच्याच हाती होती. तरीही बाईंनी मापे बोलतील तेच लिहिले आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या. पुढे हीच संस्था नाझी वंशवादाची हस्तक बनली. ते पाहता या प्रबंधाचे मोल अधिकच जाणवते.

बाईंनी मोजपट्टी मात्र टाकून दिली नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करताना त्यांनी गावोगाव फिरून शेकडो लोकांची शरीरमापे घेतली. वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील शरीरमापांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासमवेत त्यांनी एकाच दर्जाच्या, पण आपसात बेटीव्यवहार नसलेल्या आठ ब्राह्मण गटांची तुलना केली. १९६८ मध्ये छापलेल्या या अभ्यासात त्या गटांमध्ये लक्षणीय जैविक फरक दिसून आला. एका मूळ जातीची शकले होऊन पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत. वेगवेगळे गट एका नावाखाली शेजारी आले, हे बाईंचे. येथेही त्यांनी गुरूंशी मतभेद पत्करला, तो पुराव्याच्या बळावर.

'युगान्त'ची लेखिका म्हणून त्या घरोघरी पोहोचल्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवून दिले, की मानवातील सुमारे ८५ टक्के जनुकीय वैविध्य एकेका समूहाच्या आतच असते. भेद खरे असतात, पण त्यांची उतरंड निसर्गाने रचलेली नसते, हेच त्यातून ठळक झाले. पूर्णगडच्या खाडीकाठी शेजारी राहणाऱ्या माणसांचे चेहरे वेगळे असतील; त्या वेगळेपणातून कोणाची थोरवी मोजता येत नाही. ही गोष्ट बर्लिनच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षे आधी एका मराठी स्त्रीने मापे घेऊन मांडली होती.