चांदण्यातील सराव

मेजर ध्यानचंद यांचे नाव निघाले की 'हॉकीचा जादूगार' हे बिरुद आपोआप ओठांवर येते. त्यांच्या काठीत लोहचुंबक दडवले असावे, अशा संशयाने परदेशात ती मोडून पाहिल्याची आख्यायिकाही सांगितली जाते. अशा कथा ऐकायला गोड लागतात. परंतु त्यांच्यामुळे या खेळाडूचे कष्ट झाकले जातात.

२९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद (आजचे प्रयागराज) येथे एका सैनिकाच्या घरी ध्यानसिंह यांचा जन्म झाला. वडिलांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे त्यांचे शिक्षण लवकर थांबले. पुढे कुटुंब झाशीला स्थायिक झाले. लहानपणी त्यांना ओढ होती ती कुस्तीची. १९२२ साली ते दिल्लीत पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले आणि तेथे सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांना हॉकीची दीक्षा दिली.

शिपायाचा दिवस कवायतीत आणि कामात सरत असे. सरावाला उरे ती रात्र. मैदानावर दिव्यांची सोय नव्हती, म्हणून ध्यानसिंह चंद्र उगवण्याची वाट पाहत आणि चांदण्यात एकटेच चेंडू खेळवीत. यावरूनच सोबत्यांनी त्यांना 'चंद' म्हणण्यास सुरुवात केली, असे सांगतात. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. तो उजवीकडून डावीकडे घेताना काठी सरळ असते. उलट दिशेने आणताना मात्र डाव्या हाताने ती फिरवावी लागते व उजव्या हाताच्या सैल पकडीत तिला वळू द्यावे लागते. धावता धावता, नजर वर ठेवून हे साधायचे, तर मनगटांनाच ते वळण लागावे लागते. अंधुक उजेडात, खडबडीत मातीवर हे वळण त्यांनी मनगटांना लावले.

१९२६ मध्ये सैन्याच्या संघातून ते न्यूझीलंडला गेले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १४ गोल केले व भारताने सुवर्णपदक मिळविले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे पुन्हा सुवर्ण मिळाले. तेव्हा धाकटे बंधू रूपसिंहही संघात होते.

१९३६ साली बर्लिनला ते कर्णधार म्हणून गेले. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरविले. हा पराभव त्यांच्या जिव्हारी लागला. १५ ऑगस्ट रोजी त्याच जर्मनीशी अंतिम सामना होता. आदल्या दिवशीच्या पावसाने मैदान ओले झाले होते आणि मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले व खेळाची गती वाढविली. भारत ८-१ असा जिंकला.

१९५६ मध्ये ते मेजर पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. काही काळ त्यांनी पतियाळा येथे प्रशिक्षक म्हणून काम केले. अखेरचे दिवस मात्र पैशाच्या ओढाताणीत गेले. ज्या देशाला त्यांनी तीन सुवर्णपदके मिळवून दिली, त्याला त्यांची आठवण राहू नये, ही खेदाची गोष्ट होय. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव झाशीला नेण्यात आले आणि तेथील हॉकीच्या मैदानावरच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.