केरसुणीचे पूजन आणि विनोबांचे व्रत

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची आपल्याकडे घरोघरी रीत आहे. केर जेथून निघतो तेथे लक्ष्मी नांदते, हा त्यामागील भाव. परंतु जी केरसुणी आपण पाटावर मांडतो, ती हाती धरणाऱ्या माणसाला मात्र आपल्या समाजाने शतकानुशतके उंबऱ्याबाहेर उभे केले. या विसंगतीला स्वतः खोरे उचलून उत्तर देणारे आचार्य विनोबा भावे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्याच दिवशी, पवनार येथे ब्रह्मलीन झाले. आजच्या दिवशी त्यांचे स्मरण म्हणूनच उचित होय.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. संस्कृत गीता आपणास उमजत नाही, ही त्यांच्या भाविक मातेची खंत. ती पुत्राने पुढे ‘गीताई’ रचून दूर केली. बडोद्याचे महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून ब्रह्मजिज्ञासेने ते १९१६ साली काशीस गेले आणि तेथून ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात महात्मा गांधींच्या भेटीस आले. वर्षभराची रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी शांकरभाष्याचे अध्ययन केले आणि ठरल्या दिवशी ते आश्रमात परत हजर झाले.

आश्रमाचे जीवन व्रतस्थ होते. प्रार्थना, सूतकताई, दळण, पाणी भरणे ही कामे सर्वांनी वाटून करावयाची, आणि त्यांचे वेतन कोणी मागावयाचे नाही. तरीही आरंभी एक काम त्यातून सुटले होते. साबरमतीच्या आश्रमात मैला वाहण्यास बाहेरचा माणूस येत असे. एकदा तो आजारी पडला. त्याच्या जागी आलेल्या कोवळ्या मुलास भरलेली बादली उचलवेना. तो रडू लागला. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा यांनी ते पाहिले आणि बादलीला हात दिला. विनोबांना कळताच तेही पाठोपाठ निघाले. वेदान्त शिकून आलेल्या ब्राह्मण तरुणाने ते काम करावे, हे त्या काळी अनेकांना रुचणारे नव्हते. मात्र सर्वांभूती एकच आत्मा असे म्हणावयाचे आणि त्या मुलाची बादली त्याच्याच डोकी ठेवावयाची, हे विनोबांच्या बुद्धीला पटणारे नव्हते.

१९२१ साली ते वर्ध्यास आले व १९३८ मध्ये धाम नदीच्या तीरी पवनार येथे राहू लागले. १९४५ साली कारावासातून सुटल्यानंतर, वयाची पन्नाशी उलटत असता, त्यांनी जवळच्या सुरगावची सफाई अंगावर घेतली. रोज सकाळी खांद्यावर खोरे टाकून पायी जावयाचे, वाटेवर पडलेला मैला उचलून मातीआड करावयाचा आणि परतावयाचे, असा क्रम त्यांनी ठेवला. मैला मातीआड गेला की त्याचे सोनखत होते, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. पण त्यास हात कोणी लावावा, हा प्रश्न होता. माणसाचे मन पालटण्यास एक पिढी लागते, हे विनोबा जाणून होते.

एके दिवशी पावसाने नाल्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. विनोबांनी पैलतीरावरील गावकऱ्यास हाक मारून देवळातल्या देवाला निरोप सांगावयास सांगितले. बाबाजी आले होते असे सांगतो, म्हणून तो म्हणाला. विनोबांनी त्यास थांबविले. गावचा भंगी आला होता, एवढेच देवाला सांगावे, अशी त्यांनी दुरुस्ती केली.

पुढे एका सणाच्या सकाळी ते सुरगावात पोहोचले, तो खोऱ्याला कामच उरले नव्हते. गावकऱ्यांनी आपसांत ठरवून सारे गाव आधीच झाडून काढले होते. इतक्या दिवसांच्या मूक कीर्तनाला श्रोत्यांनी दिलेला तो प्रतिसाद होता.

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजी गेले आणि विनोबांना पवनारबाहेर पडावे लागले. १९५१ पासूनच्या भूदानयात्रेने त्यांचे नाव जगभर झाले, पण त्या यात्रेच्या पायांना चालण्याची सवय सुरगावच्या वाटेनेही लावली होती. हाताने मैला उचलावयास लावणे १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी गुन्हा ठरले, तरी आजही गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मरतात. आज सायंकाळी केरसुणीला कुंकू वाहताना तिच्यामागचा हात आठवावा, आणि उद्या आपल्या दारापुढचा केर आपणच उचलावा. विनोबांना याहून वेगळी आदरांजली रुचली नसती.