पदवीवाचून प्राध्यापक : केरूनाना छत्रे

आपल्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक सर्वांना ठाऊक आहेत; पण डेक्कन कॉलेजात त्यांना गणित शिकविणारे केरो लक्ष्मण छत्रे किती जणांना ठाऊक असतील? केरूनानांचा जन्म 1825 साली अलिबागजवळच्या नागावचा, म्हणजे तेही कोकणचेच. आईवडील लवकर गेले; चुलत्यांनी मुंबईस नेऊन शिकविले.

प्राध्यापक ऑर्लेबार यांनी या मुलाची हुशारी हेरून कोवळ्या वयातच त्याला कुलाब्याच्या वेधशाळेत घेतले. चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदी करायच्या, चुकवायच्या नाहीत. सुमारे दहा वर्षे त्यांनी हेच केले. मला वाटते, त्यांचे खरे कॉलेज ते! मुंबई विद्यापीठ निघाले 1857 साली. त्याआधीच, 1851 पासून, ते पुण्यात शिकवू लागले होते.

सूर्यावरील डाग सुमारे 11 वर्षांच्या फेऱ्याने वाढतात, ओसरतात. त्यांचा हवामानाशी संबंध काय, याचाही त्यांनी विचार केला. पावसापुरता तो संबंध आजही पक्का ठरलेला नाही. पण 1876 ते 78 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना हा प्रश्न पुस्तकी वाटला नसेल. 1884 साली केरूनाना वारले.

माझे वडील शाळेत गेले नाहीत. वारा फिरला की आकाश पाहून पेरणी ठरवितात. मी मात्र जिल्ह्याचा पाऊस 3000 मिलिमीटरांवर, एवढे पाठ केले आहे. कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी 8.30 वाजता आम्हीच तो वाचू, असा अर्ज आम्ही चौघांनी दिला आहे. मिरगाच्या आत उत्तर मिळावे.