बहिऱ्या आईचा मुलगा

टेलिफोन कोणी शोधून काढला असे वर्गात विचारले की लहान मूलसुद्धा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव सांगते. पण बेल यांचा मूळ पेशा कोणता असे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. ते शिक्षक होते, आणि तेही बहिऱ्या मुलांचे. आम्हीही शिक्षकच. तेव्हा टेलिफोनवाले बेल थोडे बाजूला ठेवून आज या बेलमास्तरांची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरवले आहे.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरो शहरी झाला. आई एलायझा यांना फार कमी ऐकू येई, तरीही त्या पियानो उत्तम वाजवीत. घरी येणारी माणसे त्यांच्या कानाला लावलेल्या नळीतून मोठ्याने बोलत. छोटा अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोले, आणि ते तिला समजे. बैठकीत गप्पा रंगल्या की तो बोटांनी अक्षरे जुळवून तिला सारे सांगत बसे. वडील मेलव्हिल बेल हे उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक. जीभ, ओठ आणि घसा कसे हलतात हे चिन्हांनी दाखवणारी एक लिपी त्यांनी तयार केली होती.

पुढे क्षयाने दोन्ही भाऊ गेले. उरलेला एक मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडिलांनी १८७० मध्ये त्याला घेऊन कॅनडा गाठले. दुसऱ्याच वर्षी बेल अमेरिकेत बोस्टनच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवू लागले. वडिलांच्या लिपीच्या आधाराने ते मुलांना बोलायला शिकवीत.

१८७४ मध्ये त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना मृत माणसाचा खराखुरा कान मिळवून दिला. बेल यांनी त्याच्या हाडाला गवताची काडी जोडली आणि पुढे काजळी धरलेली काच ठेवली. त्या कानात बोलले की पडदा थरथरे, पडद्यामागची चिमुकली हाडे हलत आणि काडी काचेवर नागमोडी रेघ ओढी. बहिऱ्या मुलाला आपला आवाज डोळ्यांनी पाहता यावा, हा त्यामागचा हेतू. एवढासा पातळ पडदा जर हाडे हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही, हा विचार त्यांना इथेच सुचला. मार्च १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी तारेवरून पहिले शब्द ऐकू आले.

बहिरेपण समजून घ्यायलाही हाच प्रयोग उपयोगी पडतो. आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर येतो, तीन हाडांवरून पुढे जातो आणि आतल्या गोगलगायीच्या आकाराच्या भागात पोहोचतो. तिथल्या सूक्ष्म केसांच्या पेशी त्याचा संदेश मज्जातंतूकडे देतात. मळ साठला, पडदा फाटला, पडद्यामागे पाणी साचले किंवा हाडे आखडली तर आवाज वाटेतच अडतो. हा पहिला प्रकार. औषधाने वा शस्त्रक्रियेने तो पुष्कळदा सुधारतो. आतल्या पेशी किंवा मज्जातंतू बिघडले तर तो दुसरा प्रकार. मेंदूज्वर, गर्भारपणी आईला झालेला रुबेला, काही औषधे, मोठा गोंगाट, वाढते वय आणि आनुवंशिकता ही त्याची कारणे. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तिथे श्रवणयंत्र मदतीला येते, आणि बहिरेपण फार असेल तर मज्जातंतूला विजेचे संदेश देणारे कर्णरोपण. दोन्ही प्रकार एकाच कानात असणेही शक्य असते. कमी ऐकू येण्याचे प्रमाण ज्या डेसिबेलमध्ये मोजतात, त्या मापाला नाव बेल यांचेच आहे.

बेल यांची विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिची श्रवणशक्ती पाचव्या वर्षी स्कार्लेट फीवर या तापाने गेली होती. ती ओठ पाहून बोलणे ओळखी. १८७७ मध्ये तिच्याशीच त्यांचा विवाह झाला. पुढे हेलन केलरचे वडील आपल्या आंधळ्या-बहिऱ्या मुलीला घेऊन बेल यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनीच योग्य शाळेचा रस्ता दाखवला. त्या शाळेकडून १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हन ही शिक्षिका हेलनच्या घरी आली.

आता कडू भाग. बहिऱ्यांनी बोललेच पाहिजे असा बेल यांचा आग्रह होता. खुणांची भाषा त्यांना स्वतःला येत होती, पण शाळांतून ती जावी असे त्यांचे मत होते. १८८३ मध्ये त्यांनी एक निबंध वाचला. बहिऱ्यांची आपसांत लग्ने होत राहिली तर बहिऱ्यांची वेगळी जात तयार होईल, अशी भीती त्यात होती. प्रत्यक्षात बहुतेक बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात. १८८० मध्ये मिलान येथील शिक्षक परिषदेनेही खुणांविरुद्ध ठराव केला होता. त्यानंतर कित्येक शाळांत मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. ज्याने आईशी बोटांनी संवाद साधला, त्याचेच वजन त्या पारड्यात पडले. व्हॅंकूवरच्या परिषदेने या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये. प्रेम असूनही शिक्षक चुकतो, आणि त्याची किंमत मुले मोजतात.

त्याच काळात, १८८५ च्या सुमारास, मुंबईत बिशप म्यूरिन यांनी मूकबधिरांची शाळा काढली. ती भारतातील पहिली मानली जाते. हेच म्यूरिन १८८७ मध्ये आपल्या मॉरिशसला पोर्ट लुईचे बिशप म्हणून आले आणि १८९५ मध्ये इथेच वारले. आपल्या पूर्वजांचा मुंबई ते मॉरिशस हा प्रवास त्यांनीही केला होता.

बेल २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशियात निवर्तले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.

आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. हाक मारली तरी बघत नसे. आम्ही त्याला वर्षभर बेपर्वा समजून रागावलो. पुढे कळले की त्याच्या पडद्यामागे पाणी साचले होते. ती लाज अजून गेलेली नाही. म्हणून आईबापांना सांगणे एवढेच: मूल दोनदोनदा विचारत असेल, रेडिओ मोठा लावत असेल, बोलायला उशीर करत असेल किंवा कान वाहत असेल, तर कानात गरम तेल घालू नका, काडी घालू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मूल खरोखरच बहिरे निघाले, तर तोंडाने असो की हातांनी, त्याच्याशी बोलणे थांबवू नका.