एराटोस्थेनीस व त्याचें माप

ज्यास भूगोलशास्त्राचा जनक म्हणतात तो एराटोस्थेनीस इ. स. पूर्वी २७६ च्या सुमारास आफ्रिकेच्या उत्तरेकडील सायरीनी या ग्रीक नगरांत जन्मला. अथेन्स येथें अध्ययन झाल्यावर ईजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमी राजानें त्यास बोलावून घेतलें, व पुढें अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचें आधिपत्य त्याजकडे आलें. काव्य, गणित, ज्योतिष, कालगणना या सर्वांत त्याची गति होती. पण कशांतच हा पहिला नव्हे, अशा अर्थानें त्यास ‘बीटा’ हें दुसऱ्या अक्षराचें नांव थट्टेनें मिळालें. आर्किमिडीजनें आपला एक ग्रंथ ह्यासच लिहून पाठविला हें पाहतां, थट्टा करणाऱ्यांचेंच आम्हांस नवल वाटतें.

सायीनी (आस्वान) येथें वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवशीं भर दुपारीं उभ्या काठीची सावली पडत नसे. त्याच वेळीं अलेक्झांड्रियास सूर्य माथ्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७ अंश १२ कला, ढळलेला दिसे. दोन नगरांतील अंतर ५,००० स्टेडिया धरून त्यानें पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया ठरविला. पुढें २,५२,००० हा आंकडा रूढ झाला. त्यास ३६० नीं भागितां एका अंशास बरोबर ७०० स्टेडिया येतात.

आतां ह्याचे किलोमीटर करूं गेल्यास खरी अडचण उभी राहते. स्टेडिअन म्हणजे ६०० फूट खरे. पण ग्रीसमध्यें नगरोनगरीं फूट निराळा! अथेन्सचें स्टेडिअन सुमारें १८५ मीटर. त्यानें परीघ ४६,६२० किलोमीटर होतो. ध्रुवांवरून मोजलेला वास्तविक परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. उलटपक्षीं, एराटोस्थेनीस एका ‘शोइनोस’चीं ४० स्टेडिया धरी असें प्लिनी सांगतो. हा शोइनोस १२,००० ईजिप्शियन हातांचा व हात ५२.५ सेंटिमीटरांचा मानला, तर स्टेडिअन १५७.५ मीटर व परीघ ३९,६९० किलोमीटर येतो. चूक एक टक्काहि नाहीं! पुष्कळ पुस्तकांत हाच हिशेब आढळतो. परंतु उत्तर गोड लागतें म्हणून माप निवडणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शिवाय तीं दोन नगरें एका रेखावृत्तावर नाहींत, व ५,००० हा आंकडाहि ढोबळच दिसतो. आपल्या आर्यभटानें पृथ्वीचा व्यास १,०५० योजनें सांगितला. त्याचें योजन ८,००० पुरुषांच्या उंचीइतकें, पण पुरुष किती उंच?

म्हातारपणीं एराटोस्थेनीसची दृष्टि गेली. वाचन अशक्य झाल्यानें त्यानें अन्न वर्ज्य केलें व इ. स. पूर्वी १९४ च्या सुमारास देह ठेविला, असें सांगतात. पृथ्वीच्या मापनावरील त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. वरील रीति आपणांस मुख्यतः क्लिओमिडीजच्या पुस्तकावरून कळते.